जालना, सोलापूर आणि जगभरचा हापसा

मराठवाड्यातल्या वस्तीवर, बुंदेलखंडातल्या शाळेच्या आवारात आणि युगांडातल्या खेड्यात एकाच घडणीचे यंत्र उभे दिसते. काँक्रीटच्या ओट्यातून वर आलेला लोखंडी खांब, त्यावर पाण्याची छोटी टाकी, टाकीला वाकडी तोटी, सर्वांत वर चौकोनी डोके आणि मागे लांब दांडा. सरकारी कागदांत त्याचे नाव ‘इंडिया मार्क टू’. आपल्या गावांत तो हापसा. विसाव्या शतकात भारतात घडलेल्या आणि जगभर पोहोचलेल्या यंत्रांची यादी केली, तर हापशाला त्यात वरचे स्थान द्यावे लागेल. त्याचे मूळ महाराष्ट्रातल्या दोन शहरांत आहे. जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनांच्या कार्यशाळांत त्याचे पूर्वज जन्मले.

हा पंप कुणा एका संशोधकाच्या डोक्यातून एका रात्रीत निघालेला नाही. पाणी यायचे थांबले की पंप उघडायचा, काय झिजले, काय तुटले ते पाहायचे आणि पुढचा पंप करताना तो भाग बदलायचा, अशा दुरुस्तीच्या वाटेने तो घडला. धार बारीक का झाली, या रोजच्या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यांनी तो घडवला, म्हणूनच तो टिकला.

त्याच्या आधी महाराष्ट्राचे पाणी उघड्या विहिरीत होते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आजही लोक मुद्दाम बघायला जातात. एकाच वेळी अनेक मोटा चालाव्यात अशी तिची बांधणी आहे. शेताला मोटेचे आणि घराला पोहऱ्याने शेंदलेले पाणी, ही घडी शेकडो वर्षे बसलेली होती. पाणी कमी झाले तर कारण शोधावे लागत नसे. विहिरीत डोकावले की तळ दिसायचा. दोर झिजला, पोहरा गळला, रहाटाचा कणा मोडला, तर घरचा माणूस किंवा गावचा सुतार तो नीट करायचा.

उघड्या विहिरीचे दोष मात्र जीवघेणे होते. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे पाण्यात उतरत. त्यांच्यातल्या कुणाच्या पायाला नारूची जखम असली, तर अळ्या पाण्यात मिसळत, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या पोटात जात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरातून वर्षभराने हातभर लांबीचा जंत बाहेर पडे. नारूने माणूस ऐन शेतीच्या हंगामात अंथरुणाला खिळत असे. दुसरा दोष माणसांनी निर्माण केलेला होता. विहीर गावाची म्हटली जाई, पण तिच्यावर दलितांचा दोर चालत नसे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 सालचा; त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानेही बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन गावोगाव फिरावे लागले.

मग दुष्काळांनी या विहिरींचाच तळ गाठला. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक बनला. त्याच्या वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या थरांच्या भेगांत पाणी राहते. मधला अखंड पाषाण कोरडाठाक. दहा-पंधरा मीटरची विहीर मुरमातले पाणी धरते. पाऊस सलग दोन वर्षे चुकला की ते संपते, आणि खालच्या भेगांपर्यंत पहार-सुरुंगाने पोहोचणे गावाच्या आवाक्याबाहेरचे असते.

खाली पोहोचायचे साधन साठच्या दशकात आले. दाबाखालच्या हवेवर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी राहून खडक फोडतो आणि तीच हवा चुरा वर फेकते, अशी ही यंत्रे. पूर्वीच्या पद्धतीने ज्या पाषाणात भोक पाडायला आठवडे लागत, तिथे आता एक-दोन दिवसांत 60 मीटर खोल बोअर होऊ लागली. बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळात युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. त्याच दशकात महाराष्ट्रात मिशनांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या बोअरच्या गाड्याही फिरू लागल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. तिथल्या स्कॉटिश मिशनने दुष्काळी खेड्यांत बोअर घेण्याचे काम अंगावर घेतले. 1972 चा दुष्काळ आला तेव्हा हे तंत्र हाताशी होते आणि सरकारनेही ते मोठ्या प्रमाणावर वापरले.

बोअर झाली, पाणी लागले, टाळ्या वाजल्या. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

सहा इंच रुंदीच्या भोकात पोहरा सोडून गावाला पाणी पुरवता येत नाही. तिथे पंपच लागतो. बाजारात जे पंप होते ते ओतीव लोखंडाचे, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी आखलेल्या नमुन्यांवरून केलेले. त्या शेतघरात एक कुटुंब दिवसभरात काही बादल्या पाणी काढत असे. इथे तोच पंप पहाटे चारपासून रात्रीपर्यंत दोनशे-तीनशे माणसांच्या हाती पडला. हंड्यांची रांग हलत नसे आणि दांडा थांबत नसे. ओतीव लोखंड कठीण असले तरी ठिसूळ असते. दांड्याच्या सांध्यात तीन-चार खिळी असत; त्या झिजल्या की दांडा डावीकडे-उजवीकडे डुलू लागे, आतली सळई तिरपी ओढली जाई, ती घासे, वाके आणि शेवटी तुटे. पंपाचे डोके थेट बोअरच्या केसिंग पाइपवर कसलेले असल्याने प्रत्येक हिसका केसिंगला बसे. ते हलू लागले की भोवतीच्या फटीतून ओट्यावरचे घाण पाणी बोअरमध्ये झिरपे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युनिसेफने याची पाहणी केली, तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद आढळले. कोट्यवधी रुपयांची भोके जमिनीत होती, त्यांत पाणीही होते, पण ते वर येत नव्हते. बायका पुन्हा जुन्या विहिरीकडे वळल्या होत्या. हा कार्यक्रमच थांबवावा का, असा विचार सुरू होण्याइतकी परिस्थिती बिघडली होती.

जालन्याच्या मिशनकडे मात्र पंप बंद पडल्यावर हात झटकण्याची सोय नव्हती. बोअर त्यांनीच घेतली होती आणि तक्रार घेऊन गावकरी त्यांच्याच दारात येत होते. तिथल्या कार्यशाळेने सगळ्यांत जास्त मोडणारा भाग हेरला आणि तोच काढून टाकला. अनेक सांध्यांच्या जागी एकच सांधा ठेवला. ओतीव लोखंड सोडून पोलादी पत्रे आणि पाइप जोडून डोके बनवले, म्हणजे ते फुटणार नाही आणि वाकले-तुटले तर गावाजवळचा वेल्डिंगवालाही जोडू शकेल. हा जालना पंप. सोलापूरच्या मिशनच्या कार्यशाळेत हीच कल्पना आणखी पुढे गेली. तिथल्या पंपाचा खांब केसिंगवर टेकत नसे. तो केसिंगच्या भोवतीने येऊन काँक्रीटमध्ये रोवलेला असे. दांड्याचे हिसके आता जमिनीने सोसायचे, केसिंगने नाही, आणि बोअरचे तोंडही झाकलेले राहायचे.

सोलापूर पंप इतरांच्या मानाने कितीतरी जास्त काळ चालतो, हे शेतात-वस्तीवर सिद्ध झाले होते. म्हणून केंद्र सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी नवा राष्ट्रीय पंप करायचे ठरवले तेव्हा आधार म्हणून तोच निवडला. मूळ मुंबईची असलेली रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी तोवर सरकारी झाली होती. तिच्या मद्रासच्या कारखान्यात नमुने तयार झाले आणि कोइमतूर भागातल्या खोल बोअरवर त्यांची कसोटी लागली. सत्तरचे दशक सरता सरता ‘इंडिया मार्क टू’ मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला आणि 1979 मध्ये त्याचे भारतीय मानकही ठरले. त्यावर पेटंटची मालकी सांगितली गेली नाही. मानकाप्रमाणे माल करील तो कोणीही कारखानदार तो बनवू शकत होता. मात्र माल पाठवण्याआधी त्रयस्थ तपासणी व्हायची, कारण आट्यांत थोडा फरक पडला तरी एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पंपात बसला नसता.

हापशाच्या आत पाहिले की ही सगळी अक्कल दिसते. जमिनीवरून नुसते ओढून घेतलेले पाणी हवेच्या दाबाने फार तर 10 मीटर चढते, प्रत्यक्षात सातच्या आसपास. म्हणून पाणी उचलणारा पितळी अस्तराचा सिलिंडर खाली पाण्यात बुडवलेला असतो. त्याचा आतला व्यास 63.5 मिलिमीटर. त्यात दट्ट्या, दट्ट्यावर वायसर, वर एक झडप आणि तळाशी दुसरी. दट्ट्याला 12 मिलिमीटर जाडीची सळई जोडलेली असते. ती पाइपाच्या पोटातून वर येऊन साखळीला मिळते. साखळी दांड्याच्या पुढच्या वर्तुळाकार भागावर गुंडाळली जाते, त्यामुळे दांडा गोलात फिरला तरी सळई कायम सरळ उभी ओढली जाते. जुन्या पंपाची सळई तिरपी ओढली जाऊन तुटत असे. त्यावरचा हा उपाय.

30 मीटर खोलीवर दट्ट्याच्या डोक्यावर जवळजवळ 95 किलो पाण्याचा भार असतो. दांड्याची तरफ आठास एक या प्रमाणाची आहे, म्हणून हाताला तो सुमारे 12 किलो जाणवतो. सळईचे वजन पेलायला भरीव पोलादी दांडा स्वतःच पासंगासारखा मागे असतो. दहा-बारा वर्षांची मुलगी हापसू शकेल, हे गणित आधीच मांडलेले होते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातले हापसे अशाच मुलींनी आणि त्यांच्या आयांनी चालवले.

हा पंप बिघडतो तेव्हा बोलून दाखवतो. मेकॅनिक डोक्याचे झाकण काढण्याआधी दांडा हातात घेतो आणि निम्मे निदान तिथेच होते. दांडा एकदम हलका झाला आणि पाणी अजिबात नाही, तर सळई कुठेतरी तुटली किंवा सुटली. दांडा जड लागतो, पण वर नेताना साखळी ढिली पडून दुमडते, तर वायसर सिलिंडरमध्ये घट्ट बसले आहेत. कारण दट्ट्याला खाली नेणारे फक्त सळईचे वजन असते, साखळी ढकलू शकत नाही. उथळ बोअरवर सळई कमी भरते, म्हणून तिथेही हीच तक्रार येते. करकर आवाज येतो तेव्हा बेअरिंग किंवा साखळी वंगण मागत असते. पहिल्या बादलीला लालसर पाणी येत असेल तर पाइप आतून गंजला आहे. वाळू येऊ लागली तर दोष पंपात नाही, बोअरमध्ये आहे.

धार बारीक झाल्याची तक्रार सर्वांत जास्त येते आणि तिची कारणे तीन. त्यांची निवड करायला दोन चाचण्या पुरतात, त्यांना बादली आणि घड्याळ याहून जास्त काही लागत नाही. पहिली चाचणी धारेची. धार सलग झाल्यावर एका मिनिटात 40 पूर्ण हापसे मारायचे आणि पाणी बादलीत मोजायचे. दट्ट्या एका खेपेत 125 मिलिमीटर सरकतो, म्हणजे हिशेबाने सुमारे 16 लिटर पाणी यायला हवे. चांगल्या पंपाचे प्रत्यक्षात 12 ते 15 लिटर भरते. 10 लिटरच्या खाली गेले की काहीतरी झिजले आहे. दुसरी चाचणी गळतीची. धार सुरू असताना थांबायचे, अर्धा तास पंपाला हात लावायचा नाही, मग पुन्हा हापसायचे. पाच हापशांच्या आत पाणी आले तर तळाची झडप आणि पाइपाचे सांधे ठीक आहेत आणि झिजले आहेत ते वायसर. पाचाहून बरेच जास्त हापसे लागले तर पाइपात थांबलेले पाणी खाली उतरून गेले आहे. म्हणजे झडप गळते किंवा एखाद्या जोडाचे आटे गेलेले आहेत. तिसरे कारण पंपाबाहेरचे असते. सकाळी धार चांगली, दहा वाजेपर्यंत बारीक आणि दुपारच्या विश्रांतीनंतर पुन्हा चांगली, असे होत असेल तर बोअरमधले पाणी सिलिंडरच्या खाली जाते आहे. अशा वेळी वायसर कितीही बदलले तरी उपयोग नाही.

मार्क टूचा कमजोर दुवा इथेच होता. पाच-दहा रुपयांचा वायसर बदलायचा तरी अख्खी पाइपलाइन वर काढावी लागे. तीन-तीन मीटरचे दहा पाइप, आत सळया, पोटात पाणी. क्लँप लावायचा, चार-पाच जणांनी उचलायचे, पुन्हा क्लँप, पान्हा, एक पाइप सोडवायचा, बाजूला ठेवायचा आणि पुढचा. हात सुटला तर सगळे तळाला. हे काम गावाच्या ताकदीबाहेरचे असल्याने देखभाल तीन पायऱ्यांत वाटली गेली: गावात पंपाची काळजी घेणारा, तालुक्याला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडीसह पथक. महाराष्ट्रात पंचायत समितीच्या गाडीची वाट पाहणे हा हापशाच्या इतिहासाचा मोठा भाग आहे. गाडी येईपर्यंत आठवडे जात आणि गाव विहिरीवर किंवा टँकरवर जगे.

त्यावर दोन बाजूंनी उत्तर शोधले गेले. कोइमतूर भागात 1983 पासून चाललेल्या चाचण्यांतून मार्क थ्री आला. त्याचा पाइप सिलिंडरपेक्षा रुंद असल्याने दट्ट्या आणि झडप पाइपातूनच वर ओढता येतात, पाइप उपसावे लागत नाहीत. चामड्याचे वायसर जाऊन नायट्राइल रबराचे आले आणि ते कितीतरी जास्त टिकले. दुसरे उत्तर माणसांचे होते. राजस्थानात तिलोनियातल्या एका संस्थेने गावातल्याच तरुणांना हँडपंप मिस्त्री बनवले. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात नव्वदच्या दशकात दलित आणि आदिवासी बायकांनी पान्हे हातात घेतले. पाणी आणायचे काम त्यांचे होते, आता ते वर आणायचे ज्ञानही त्यांच्याकडे आले. पंप बंद पडल्याचा त्रास जिला सर्वांत जास्त, तिच्याच हातात दुरुस्ती दिली की गाडीची वाट पाहावी लागत नाही.

हापशाने केलेल्या कामाची मोजदाद एका रोगाच्या अंतात दिसते. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी गाळणे आणि हापसे बसवणे हा त्याचा कणा होता. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जातीच्या भिंतीवर हापशाचा घाव इतका नेमका पडला नाही. पुष्कळ गावांत दलित वस्तीला वेगळा हापसा मिळाला. त्यांना पाणी मिळाले, पण पाणवठा एक झाला नाही. तरीही वरून कुणी पाणी ओतील म्हणून ताटकळत बसण्याची वेळ त्या वस्तीवर पुन्हा आली नाही, हे त्याचे श्रेय कमी नाही.

पेटंट नसलेला हा पंप आफ्रिकेत लाखोंच्या पाण्याचा आधार झाला. युगांडाने त्यावरून स्वतःचे यू-टू आणि यू-थ्री नमुने केले. तिथे त्याचा एक नवा दोष उघड झाला. आपल्या काळ्या पाषाणातले पाणी बहुधा क्षारीय असते, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला पाइप बरीच वर्षे तग धरतो. आफ्रिकेच्या अनेक भागांत भूजल आम्लधर्मी आहे. त्यात तोच पाइप लवकर गंजतो, पाण्याला लोखंडाची चव येते आणि लोक पंप सोडून देतात. तिथे आता स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकचे पाइप वापरावे लागतात. पाणी बदलले की दुरुस्तीचे उत्तरही बदलते.

आज महाराष्ट्रात हापशाचे महत्त्व घटल्यासारखे दिसते. नळयोजना आल्या, घरोघर बोअर आणि पाणबुडी मोटर आली. एकाच परिसरात डझनावारी बोअर खोल खोल जाऊ लागल्या आणि 40-45 मीटरपर्यंतच पाणी उचलू शकणारा हापसा उन्हाळ्यात कोरडा पडू लागला. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने त्यावर चांगली तोड काढली आहे. दुहेरी पंप योजनेत एकाच बोअरमध्ये हापसा आणि छोटी पाणबुडी मोटर दोन्ही बसतात. सौर पॅनेलवर मोटर चालते, टाकी भरते, वस्तीला नळाने पाणी मिळते. आणि ढग आले किंवा मोटर जळाली तर दांडा हातात असतोच. वीज नसलेल्या पाड्यांवर ही योजना आजही सर्वांत भरवशाची आहे.

म्हणून ग्रामपंचायतींनी बंद हापसा भंगारात काढण्याची घाई करू नये. आधी ती बादली आणि घड्याळाची चाचणी घ्यावी, दोष वायसरचा, झडपेचा की भूजलाचा हे ठरवावे आणि मगच निर्णय घ्यावा. पंप उचकटून त्याच बोअरमध्ये एका घराची मोटर सोडण्याचे प्रकार जिथे होतात, तिथे ग्रामसभेने ते ठामपणे थांबवावेत. ती बोअर सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक तहानेसाठी घेतलेली आहे. प्रत्येक गावात निदान दोन बायकांना पान्हा, क्लँप आणि वायसरचा संच देऊन शिकवावे. खर्च एका टँकरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त येणार नाही.